लेंट संपला की मोह दुप्पट का होतो?

लेंट, म्हणजे इस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपासाचा काळ, संपून इस्टर झाला की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या तरुणांकडून मी तेच ऐकते. "ताई, चाळीस दिवस नीट होतो. इस्टरच्या रात्रीच सगळं दुपटीनं सुरू झालं." कुणाचं रील्सचं, कुणाचं हप्त्यांवरच्या खरेदीचं, कुणाचं उच्चारायलाही लाज वाटावी असं काही. आणि पाठोपाठ खरी चिंता: "प्रार्थना करूनही मोह जात नाही, म्हणजे माझा विश्वासच कच्चा का?"

त्यातल्या एकाविषयी सांगते. ओळख पटेल ते सगळं बदललं आहे. पुण्यात नोकरी, लग्न ठरलेलं, रविवारी उपासनेत गिटार वाजवणारा. रात्री अकरानंतर फोनवर वस्तू बघायच्या आणि 'आत्ता घ्या, नंतर भरा'वर बोट दाबायचं. पगार हप्त्यांतच जायचा.

"मी एसाव आहे," तो म्हणाला. मसुरीच्या वरणासाठी ज्येष्ठत्वाचा हक्क विकणारा बायबलमधला एसाव संडे स्कूलपासून त्याच्या मानगुटीवर बसलेला.

"विकताना एसाव काय म्हणाला, आठवतं?"

"मी मरायला टेकलोय, हा हक्क मला काय कामाचा, असं काहीतरी."

"मग हा हावरटपणा, की उद्यावरचा भरवसाच उडालेला?"

तो गप्प. पुढे काही भेटी मी खरेदीचा विषय काढलाच नाही, घरचं विचारत राहिले. एकदा सहज बोलून गेला, "बाबा दर वर्षी म्हणायचे, नाताळला सायकल. नाताळ यायचा, सायकल नाही. मावशीनं दिलेलं घड्याळ मी जपून ठेवलं होतं, ते त्यांनी विकलं. तेव्हापासून ठरवलं, मिळालं की लगेच वापरून टाकायचं." आणि स्वतःच थबकला. "ताई, मी अजून तेच करतोय?"

त्यावर मी काही बोलले नाही. माणसाला स्वतःचं सापडत असताना समुपदेशकानं मध्ये पडू नये, हे मला आता बऱ्यापैकी जमतं.

माझं मत या कामातून पक्कं झालं आहे: थांबता येणं हे मनोनिग्रहापेक्षा मनात भरवसा असण्यावर अवलंबून असतं. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचा स्टॅनफर्डमधला मार्शमेलोचा प्रयोग प्रवचनांत नेहमी येतो. समोरचा गोड तुकडा न खाता थांबलास तर दोन मिळतील. पण २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला रॉचेस्टर विद्यापीठाचा प्रयोग क्वचितच कुणी सांगतं. तिथं २८ मुलांपैकी निम्म्यांना आधी कबूल केलेले रंग खरोखर आणून दिले, बाकीच्यांना दिलेच नाहीत. मग मार्शमेलोसमोर बसवल्यावर, ज्यांना दिलेला शब्द पाळला होता ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, फसवलेली जेमतेम ३.

आता बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा तिसरा आणि चौथा अध्याय सलग वाचा. धोंड्यांच्या भाकरी करण्याचा मोह प्रभू येशूसमोर येतो तो चाळीस दिवसांच्या उपासानंतर. पण त्या आधीच, यार्देनेच्या काठी, पित्याचे शब्द त्यानं ऐकलेले असतात: हा माझा पुत्र, मला परमप्रिय. आपण मात्र लेंटमध्ये नुसता उपास करतो आणि ते शब्द ऐकायचे राहून जातात. दात-ओठ खाऊन काढलेले चाळीस दिवस मग एका रात्रीत वसूल होणारच.

म्हणून मी त्याला 'हे माझ्यातून काढून टाक' ही प्रार्थना काही काळ बाजूला ठेवायला सांगितली. त्याऐवजी 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' एवढंच. रानात इस्राएलांना देवाकडून मिळणारं अन्न, मान्ना, तोही एका दिवसापुरता मिळायचा. साठवलेल्यात किडे पडायचे. त्यांना भरवसा शिकायला तोच रोजचा सराव होता.

आणि प्रार्थनेबरोबर हातांनाही काम हवं. फोनमधली कार्डाची माहिती पुसायची. रात्री फोन दुसऱ्या खोलीत. हवी वाटलेली वस्तू वहीत लिहायची आणि रविवारी उपासनेनंतर ठरवायचं. स्वतःला दिलेला शब्द इतका छोटा ठेवायचा की तो पाळता येईल, कारण मोडलेल्या शब्दांचीच तर या मुलाला सवय होती. आणि एका माणसाला हप्त्यांचा आकडा खरा सांगायचा. वसुलीचे फोन यायला लागले असतील किंवा झोप उडाली असेल, तर पाळकांशी बोलाच, पण डॉक्टरांकडेही जा. तो अविश्वास नव्हे.

त्यानं आकडा होणाऱ्या बायकोला सांगितला. लग्न मोडेल म्हणून आठवडाभर घाबरला होता. तिनं यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारलं, "तीन हेडफोन? कान किती आहेत तुला?" हप्ते अजून चालू आहेत. मधे एकदा घसरलाही, पण ते तिला त्यानं स्वतःहून, त्याच दिवशी सांगितलं.