जलरंगातली चित्रं इन्स्टाग्रामवर टाकते, पण बघणारे वाढत नाहीत. काय करू?

नुसतं पूर्ण झालेलं चित्र टाकू नका, ते होताना दाखवा. ओल्या कागदावर निळा रंग पसरत जातो ना, तिथे लोक हमखास थांबतात. मोबाइल उभा धरा आणि पहिल्या दोन सेकंदांतच ब्रश कागदाला लागू द्या.

इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी २०२५ मध्ये सांगितलं होतं की, नव्या लोकांपर्यंत पोहोचायला लाइकपेक्षा पोस्ट कुणाला तरी पाठवली जाणं जास्त मोलाचं. म्हणून ओळखीच्या जागा रंगवा: गावचा घाट, एसटी स्टँड, आजोळची पडवी. असं चित्र दिसलं की माणूस ते लगेच बहिणीला पाठवतो. हॅशटॅग तीन-चार पुरेत. विकतचे फॉलोअर मात्र अजिबात घेऊ नका, ती खाती तुमचं चित्र कधीच बघत नाहीत.