अपालाचियन ट्रेलवर हिवाळ्यात खरंच एकटं चालायला मिळतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: सह्याद्रीत डिसेंबर-जानेवारीच्या शनिवारी हरिश्चंद्रगडावर तंबू टाकायला जागा नसते, मग अमेरिकेत न्यू जर्सीत राहून अपालाचियन ट्रेलसारख्या प्रसिद्ध पायवाटेवर हिवाळ्यात एकांत मिळेल का, आणि मिळाला तर एकट्यानं जावं का? मी याच राज्यात राहतो आणि ही वाट मुख्यतः थंडीतच चालतो. एकांत मिळतो, भरपूर मिळतो. एकट्यानं जाण्याबद्दल मात्र जरा सविस्तर लिहावं लागेल.

आपल्याकडे पावसाळा संपला की थंडीत डोंगर फुलतात, इथे थंडीत रिकामे होतात. ही वाट जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत, १४ राज्यांतून, सुमारे ३,५०० किलोमीटर जाते. वर्षाला लाखो लोक तिच्यावर पाय ठेवतात, पण ही गर्दी एका जागी थांबत नाही. अख्खी वाट चालणारे बहुतेकजण मार्च-एप्रिलमध्ये जॉर्जियातून निघतात, जून-जुलैच्या सुमारास न्यू जर्सी ओलांडतात आणि कटाडिनवर बर्फ पडायच्या आत पोचायची धडपड करतात. उलट दिशेनं येणारे थोडे असतात, तेही इथून पानगळीच्या दिवसांत निघून गेलेले असतात. जुलैत जिथे पथारी टाकायला जागा नसते, ते शेल्टर (वाटेवरचा मुक्कामाचा निवारा) जानेवारीत ओस पडलेलं असतं.

राहतात ते फक्त सुट्टीचे दिवसभराचे भटके, आणि ते वाहनतळापासून फार लांब जात नाहीत. डेलावेअर वॉटर गॅपचंच बघा. नदीनं डोंगर कापून केलेल्या या खिंडीत डनफील्ड ओढ्याजवळ गाड्या लागतात. थंडीतही ऊन पडलं की तिथे माणसं असतात, पण त्यांतले बहुतेक माउंट टॅमनीच्या चढणीला लागतात. तुम्ही झाडांवर रंगवलेले पांढरे पट्टे, म्हणजे या वाटेच्या खुणा, धरून सनफिश तलावाकडे निघालात, की पहिल्या मैलभरात महामार्गाचा आवाज मागे पडतो आणि माणसंही. तळं सुमारे चार मैलांवर आहे, हिमनदीनं खोदलेलं. १९६० च्या दशकात वीज कंपन्यांना तिथे जलाशय बांधायचा होता. लोकांनी चालत मोर्चे नेऊन ते वाचवलं आणि १९७० मध्ये त्याला राष्ट्रीय नैसर्गिक स्थळाचा दर्जा मिळाला. कडाक्याच्या थंडीत ते गोठतं, आणि संध्याकाळी तापमान उतरू लागलं की बर्फाला तडे जाताना खोल, घुमणारा आवाज येतो. तळ्याकाठी मुक्काम करायला मात्र बंदी आहे.

मला विचाराल तर मी कल्व्हर्स गॅपचं नाव घेईन. रूट २०६ जिथे किटाटिनीची डोंगररांग ओलांडतो, ती ही खिंड. तिथून उत्तरेला निघालं की आधी वणव्यावर लक्ष ठेवायचा लोखंडी मनोरा लागतो, मग तीनेक मैलांवर ग्रेन अँडरसन शेल्टर, आणि साधारण साडेपाच मैलांवर सनराइझ माउंटन. शरद ऋतूत या माथ्याजवळ थेट गाडी जाते, त्यामुळे रंगलेली पानं बघायला तिथे जत्रा असते. हिवाळ्यात तो रस्ता बंद असतो आणि वरचा १९३० च्या दशकातला दगडी मंडप फक्त चालत येणाऱ्यांचा उरतो. मधल्या वारी गेलात तर चिटपाखरूही भेटणार नाही.

उन्हाळ्यात या वाटेला लोक हिरवा बोगदा म्हणतात, कारण तासन्‌तास पानांखेरीज काही दिसत नाही. पानं झडली की सगळी धार उघडी होते. एका बाजूला डेलावेअर नदीचं खोरं, दुसऱ्या बाजूला शेतं आणि तळी, चालताना दोन्हीकडे नजर जाते. ताज्या बर्फावर कोल्ह्याचे एका रेषेत पडलेले ठसे दिसतात, हरणांच्या वाटा दिसतात. आपण जातो त्या वाटेनं किती जनावरं येऊन गेलीत, हे मला उन्हाळ्यात कधी कळलं नव्हतं. माणसांचा आवाज नसणं हा एकांताचा छोटा भाग आहे. डोंगर इतका लांबवर दिसायला लागतो, हा मोठा भाग.

आता एकट्यानं जाण्याबद्दल. कुणी भेटत नाही याचाच अर्थ पाय मुरगळला तर मागून कुणी येणारही नाही. सह्याद्रीत आपल्याला सवय असते की खाली वाडी आहे, हाक मारली तर कुणीतरी धावून येईल. इथे धारेवर तसं काही नाही, आणि मोबाइलला रेंज असेलच असं नाही. शिवाय किटाटिनीवर धारदार, हलणारे दगड आहेत. ओकची पानं आणि त्यावर बर्फ साचला की ते दिसतच नाहीत. त्यामुळे मायक्रोस्पाइक्स (बुटांवर चढवायचे छोटे लोखंडी खिळे) आणि दोन काठ्या हव्यातच. पांढरे पट्टेही वाऱ्यानं खोडाला चिकटलेल्या बर्फाखाली झाकले जातात, म्हणून फोनवर नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि फोन अंगालगतच्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी पटकन बसते.

लहान दिवस हा सगळ्यात मोठा अडसर. डिसेंबरअखेरीस इथे उजेड जेमतेम सव्वानऊ तास असतो, साडेचारला सूर्य मावळतो. मुक्काम केलात तर शेल्टरला तीनच भिंती आहेत, पुढची बाजू उघडी, आणि रात्री उणे दहा अंश सेल्सिअस अजिबात नवल नाही. न्यू जर्सीत या वाटेवर शेकोटी पेटवायला बंदी आहे, तेव्हा ऊब ती तुमच्या स्लीपिंग बॅगची आणि खालच्या मॅटची. लोक बॅगवर खर्च करतात आणि मॅट पातळ घेतात, पण थंडी जमिनीतून जास्त चढते. पोकळ धाग्यांचं पाण्याचं फिल्टर एकदा ओलं असताना गोठलं की आतून फुटतं आणि बाहेरून कळत नाही, म्हणून ते रात्री बॅगमध्ये घेऊन झोपा. पाण्याची बाटली उलटी ठेवा, बर्फ आधी वरच्या बाजूला धरतो आणि झाकण मोकळं राहतं. स्टोव्हसाठी नुसत्या ब्युटेनचा गॅस शून्याखाली जवळजवळ निकामी होतो, आयसोब्युटेन-प्रोपेनचा डबा घ्या. जीन्स आणि सुती बनियन घरीच ठेवा. चढताना घाम यायच्या आधी एक थर उतरवा, कारण थांबल्यावर तोच घाम गारठवतो.

माझं स्पष्ट मत: एकट्यानं दिवसभराची फेरी जरूर करा, पण थंडीतली पहिली रात्र एकट्यानं काढू नका. आपलं सामान त्या थंडीत कसं वागतं हे सोबत कुणी असताना कळलेलं बरं. आणि डिसेंबरच्या सुरुवातीला हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो, या रांगेत शिकारी फिरतात. तेव्हा भडक नारिंगी जाकीट आणि टोपी घालूनच निघा, किंवा तो आठवडा टाळा.

सुरुवात जानेवारीतल्या एखाद्या मंगळवारी किंवा बुधवारी करा, मोठं वादळ येऊन दोन-तीन दिवस झाल्यावर. कल्व्हर्स गॅपहून आठला निघा. साडेअकरापर्यंत सनराइझ माउंटन गाठलं नाही, तर असाल तिथून मागे फिरा. बर्फ खोल असेल तर मनोऱ्यापर्यंत जाऊन आलात तरी चालेल. निघण्याआधी घरच्या माणसाला गाडी कुठे लावणार, कोणत्या बाजूला चालणार हे लिहून द्या, आणि सहापर्यंत फोन आला नाही तर त्यानं ९११ ला, म्हणजे आणीबाणीच्या क्रमांकावर, काय सांगायचं, तेही त्याच कागदावर लिहा.