बाईची हजेरी, गड्याची हजेरी

प्रश्न: ताई, मी निफाड तालुक्यात द्राक्षाच्या पॅकहाऊसवर सीझनभर कामाला जाते. कात्रीने खराब मणी काढायचे, घड वजन करून डब्यात भरायचे. एकाच टेबलावर गडी आणि बाया हेच करतात. गड्याची हजेरी सहाशे, आमची चारशे. मुकादम म्हणतो, गडी क्रेट उचलतात. आणि गडी म्हणतात, तुम्ही तोंड उघडलं तर आमचीच हजेरी खाली येईल. काय करावं?

उत्तर: आधी त्या गड्यांची भीती घालवा. बरोबरी करायची म्हणून कोणाचीही मजुरी कमी करायला मालकाला कायद्यानेच मनाई आहे. १९७६च्या समान वेतन कायद्यात हे होतं. २१ नोव्हेंबर २०२५पासून त्याच्या जागी वेतन संहिता आली, तिच्यातही आहे. वाढेल ती तुमचीच.

आता क्रेट. काम तंतोतंत एक असावं लागत नाही. कसब, मेहनत, अनुभव, जबाबदारी सारखी हवी. उरलेला फरक किरकोळ असला तर तो धरत नाहीत. टेम्पो आल्यावर गडी किती वेळ क्रेट उतरवतात? अर्धा तास? बाकी दिवसभर तुमच्या शेजारी कात्रीच चालवत असतील, तर हे दोनशे रुपये क्रेटचे नव्हेत. मात्र दिवसभर हमालीच करणाऱ्या गड्याशी तुलना करू नका, तिथे तुमची बाजू पडेल.

मी कामगार खात्यात होते तेव्हा एका शेडच्या पटावर बायांपुढे ‘हेल्पर’ आणि गड्यांपुढे ‘ग्रेडर’ लिहिलेलं पाहिलं. एका ग्रेडरला म्हटलं, हा घड कुठल्या प्रतीचा? त्याने शेजारच्या हेल्परबाईकडे पाहिलं. तिने मान न उचलता सांगितलं. मालक तेवढ्यात चहा मागवायला बाहेर!

पटावरच्या नावाला फार घाबरू नका. मुंबईच्या ऑड्रे डिकॉस्टा स्टेनोग्राफर होत्या, पुरुष स्टेनोंपेक्षा पगार कमी म्हणून त्यांनी दावा केला. त्यांच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीचं म्हणणं, साहेबांच्या खास स्टेनो बायकांचा वर्गच वेगळा, शिवाय युनियनशी करार झालेला. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये दोन्ही सबबी फेटाळल्या. कंपनीला परवडत नाही, हेही ऐकून घेतलं नाही.

उद्यापासून एक वही करा. तारीख, आत-बाहेरची वेळ, काय काम केलं, हातात किती पैसे पडले. एकटीने नको, चौघीजणी मिळून लिहा आणि रोज सह्या करा. आधी मालकाला लेखी अर्ज द्या, एक प्रत स्वतःकडे ठेवा. नाहीच ऐकलं तर नाशिकच्या कामगार आयुक्त कार्यालयात जा. फरकाचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, तेव्हा मागच्या सीझनचे हिशेब असतील तर तेही शोधून ठेवा.

आणि गडी क्रेट किती वेळ उचलतात तेही वहीत खरं खरं लिहा. कार्यालयात मालक पहिलं तेच काढणार.