लंडनला दोन लहान मुलांना घेऊन जातोय. घर कुठल्या भागात बघावं?

तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडते, कारण सगळं उत्तर तिच्यावरच उभं आहे. ऑगस्ट २०२६ मध्ये येताय, मिस्टरांचं ऑफिस लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनजवळ, मुलीचा जन्म फेब्रुवारी २०२० चा, मुलाचा ऑक्टोबर २०२२ चा. मिस्टरांचा स्किल्ड वर्कर व्हिसा, बाकी तिघं डिपेंडंट. आणि प्रश्न असा की हॅरो, स्लाऊ आणि रेडिंग यांपैकी कुठे घर घ्यावं.

मी म्हणेन, घर इतक्यात बघूच नका. मुलीच्या इयत्तेत रिकामी जागा कुठल्या शाळेत आहे ते आधी शोधा आणि त्या शाळेपासून चालत जाता येईल असं घर घ्या. उलट्या क्रमाने गेलात तर हॅरोत छान घर मिळेल आणि शाळा दोन बस बदलून जावं लागेल इतकी लांब मिळेल. इथे आल्यापासून ओळखीच्या कित्येक कुटुंबांचं हेच होताना पाहिलंय.

कारण सांगते. इंग्लंडमध्ये इयत्ता ठरते ती ३१ ऑगस्टला मूल किती वर्षांचं आहे त्यावरून. भारतात ती पहिलीत आहे की दुसरीत, याला इथे काही अर्थ नाही. तुमची मुलगी सप्टेंबर २०२६ मध्ये इयर टूमध्ये बसेल. रिसेप्शन (शाळेचं पहिलं वर्ष, इयर वनच्या आधीचं), इयर वन आणि इयर टू या तीन इयत्तांना कायद्यानेच बंधन आहे की एका शिक्षकामागे वर्गात ३० पेक्षा जास्त मुलं नकोत. अपवाद मोजके आहेत. वर्गात तीस मुलं असतील तर शाळेच्या फाटकासमोर घर असलं तरी नाही म्हणतात. अपील करता येतं, पण या तीन इयत्तांसाठी अपिलाचे निकष इतके अरुंद आहेत की त्या भरवशावर घर घेऊ नये. ओळख, चिठ्ठी, देणगी यांतलं सरकारी शाळेत काहीही चालत नाही. आपल्याकडच्या लोकांना हे पटायला वेळ लागतो. माझ्या सासरेबुवांना अजून पटलेलं नाही.

आता सोयीची बाजू. एखाद्या कौन्सिलच्या (म्हणजे स्थानिक पालिकेच्या) हद्दीतल्या शाळांमध्ये कुठे जागा शिल्लक आहेत असं कुणी पालकाने विचारलं, तर ती माहिती देणं कौन्सिलला बंधनकारक आहे. काही कौन्सिल ती यादी स्वतःहून वेबसाइटवरही टाकतात. शोधताना ‘इन-इयर अ‍ॅडमिशन्स’ हा शब्द वापरा, म्हणजे शाळेच्या नेहमीच्या प्रवेशाच्या वेळेबाहेर होणारे प्रवेश. जे पाच-सहा भाग डोक्यात असतील त्यांच्या कौन्सिलांना साधा ईमेल करा: सप्टेंबरपासून इयर टूसाठी जागा हवी आहे, अमुक भागात कुठल्या शाळांत आहे? हा ईमेल शाळा सुटायच्या आत जायला हवा. जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात इथल्या शाळा बंद होतात आणि सप्टेंबरपर्यंत शाळेच्या ऑफिसात फोन उचलायला कुणी नसतं. ऑगस्टमध्ये उतरून शोध सुरू केला तर कौन्सिल सोडून कुणाशी बोलताच येत नाही. प्रत्यक्ष अर्ज मात्र बऱ्याच ठिकाणी मूल इथे आल्यावर आणि पत्त्याचा पुरावा दिल्यावरच पुढे सरकतो. म्हणून आत्ता फक्त माहिती काढायची.

मुलाचं गणित वेगळं आहे आणि ते बहिणीला जोडलेलं आहे. तो सप्टेंबर २०२७ मध्ये रिसेप्शनला जाईल. त्याचा अर्ज करायची शेवटची तारीख १५ जानेवारी २०२७ आणि निकाल १६ एप्रिलला. म्हणजे जानेवारीत तुम्ही ज्या पत्त्यावर राहत असाल तो पत्ता धरला जाईल. त्यात बहुतेक शाळा ‘सिब्लिंग’ला, म्हणजे आधीच शाळेत असलेल्या मुलाच्या भावंडाला, वरचा क्रम देतात आणि उरलेल्या जागा घरापासूनच्या अंतरानुसार वाटतात. मुलीला नोव्हेंबरपर्यंत एखाद्या बऱ्या शाळेत जागा मिळाली, तर मुलाचा प्रश्न निम्मा सुटतो. मात्र काही शाळा भावंडालाही अंतराची अट घालतात, तेव्हा त्या शाळेचे प्रवेशनियम वाचा, पान-दोन पानांचेच असतात. शिवाय ज्या कौन्सिलमध्ये राहायचा विचार आहे तिथे मागच्या वर्षी कुठल्या शाळेत किती अंतरापर्यंतच्या मुलांना जागा मिळाली याचे आकडे बहुधा सापडतात. ते आकडे मला कुठल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या सल्ल्यापेक्षा जास्त खरे वाटतात.

अजून एक गैरसमज सरसकट दिसतो. शाळेच्याच नर्सरीत मुलाला घातलं म्हणजे त्या शाळेच्या रिसेप्शनमध्ये जागा पक्की, असं नाही. रिसेप्शनसाठी वेगळा अर्ज करावाच लागतो.

आता तुमच्या तीन नावांकडे येते. हॅरो-ऑन-द-हिलहून मेट्रोपॉलिटन लाइन थेट लिव्हरपूल स्ट्रीटला जाते, त्यामुळे हॅरो समजण्यासारखं आहे. स्लाऊहून एलिझाबेथ लाइन थेट येते. ही लाइन मे २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून स्लाऊला जाणारी आपली मंडळी बरीच वाढलीत. रेडिंगहून त्याच लाइनने तासाच्या वर लागतो. तो टाळायचा तर पॅडिंग्टन स्टेशनपर्यंत जलद गाडी आणि तिथे बदल, आणि त्या पासाचे पैसे. ऑफिस आठवड्यातून एकदाच असेल तर रेडिंगचा विचार करा, नाहीतर सोडा.

पण मला कळत नाही की पूर्वेकडचं एकही नाव तुमच्या यादीत का नाही. आपण सगळे पश्चिमेला बघतो, कारण विमान हीथ्रोला उतरतं आणि पहिले नातेवाईक तिकडे राहतात. लिव्हरपूल स्ट्रीट हे मध्य लंडनच्या पूर्व टोकाचं स्टेशन आहे. इलफर्डहून एलिझाबेथ लाइनने वीसेक मिनिटांत पोचता येतं. सेव्हन किंग्ज, गुडमेज, रॉमफर्ड, हॅरल्ड वुड हे सगळं त्याच लाइनवर. गँट्स हिल आणि न्यूबरी पार्क भागात सेंट्रल लाइन आहे, तीही लिव्हरपूल स्ट्रीटला थांबते. लहान मुलं असताना हा फरक घड्याळात दिसतो: शाळा साधारण सव्वातीन-साडेतीनला सुटते, आफ्टर-स्कूल क्लब बहुधा सहाला बंद होतो, आणि उशीर झाला की जादा पैसे लागतात. नवरा सहाच्या आत क्लबच्या दारात पोचू शकतो की नाही, यावर तुमची नोकरी करायची शक्यता अवलंबून आहे. (मी इलफर्डच्या बाजूला राहते, तेव्हा माझा कल तिकडे असणारच. ते धरून वाचा.) इलफर्डला मागणी खूप आहे, इयर टूला जागा नसेलही. मग दोन स्टेशनं पुढे सरकायचं.

शहराच्या आतल्या भागांतही विचारून बघा असं मी म्हणेन. जन्मदर घटल्याने आणि महागाईमुळे कुटुंबं बाहेर गेल्याने तिथल्या शाळांत पटसंख्या कमी होतेय. हॅकनी कौन्सिलने २०२४ मध्ये याच कारणासाठी दोन प्राथमिक शाळा बंद केल्या आणि आणखी दोन शेजारच्या शाळांत विलीन केल्या. जागा मिळतील, फक्त भाडं झेपायला हवं.

लंडनची हद्द लहान मुलांच्या बाबतीत आणखी दोन ठिकाणी खिशाला जाणवते, आणि स्लाऊ-रेडिंग हद्दीबाहेर आहेत. इंग्लंडभर रिसेप्शन ते इयर टूच्या मुलांना सरकारी शाळेत दुपारचं जेवण मोफत असतं. लंडनमध्ये महापौरांच्या योजनेमुळे सप्टेंबर २०२३ पासून ते इयर सिक्सपर्यंत मोफत आहे. तुमची मुलगी २०२७ ला इयर थ्रीला गेली की हा फरक सुरू होईल. दुसरं, लंडनमध्ये अकरा वर्षांखालच्या मुलांना बस फुकट आणि मोठ्या माणसाबरोबर ट्यूबही (भुयारी रेल्वे) फुकट.

मुलाच्या नर्सरीबद्दल ऐकलेल्या गोष्टी नीट तपासून घ्या. ‘३० तास मोफत’ असं सगळीकडे लिहिलेलं दिसेल. त्यासाठी आई-वडील दोघंही कमावते लागतात, आणि दोघांपैकी निदान एकाला सरकारी मदत घेण्याची मुभा असावी लागते. तुमच्यासारख्या व्हिसावर ती नसते, चाइल्ड बेनिफिटही त्यामुळेच मिळत नाही. तीन आणि चार वर्षांच्या सगळ्याच मुलांना मिळणारे आठवड्याचे १५ तास, वर्षातून ३८ आठवडे, हे मात्र तुमच्या मुलालाही मिळतील. तिसऱ्या वाढदिवसानंतरच्या सत्रापासून तो पात्र झालेलाच आहे. शाळांच्या नर्सऱ्यांमध्ये हे बहुतेकदा रोज तीन तास असतात. सोडून घरी येऊन चहा पिईपर्यंत परत निघायची वेळ होते. मुलीची शाळा आणि मुलाची नर्सरी एकाच आवारात असेल तर दिवस सुसह्य जातो. दोन वेगळ्या दिशांना असतील तर दिवसभर रस्त्यावरच. पूर्णवेळ खासगी नर्सरीचं बिल लंडनमध्ये महिन्याला हजार पौंडांच्या वर सहज जातं, म्हणून तुम्ही नोकरी कधी सुरू करणार याचा हिशेब घराच्या भाड्याइतकाच गंभीरपणे करा.

ऑफस्टेडच्या (शाळांची तपासणी करणारी सरकारी संस्था) शेऱ्यांवर फार झोप उडवून घेऊ नका. ‘आउटस्टँडिंग’ वगैरे एका शब्दाचा एकूण शेरा देणं सप्टेंबर २०२४ पासून बंद झालंय. फाटकावर अजून लटकणाऱ्या पाट्यांमध्ये काही फार जुन्या तपासण्यांच्या आहेत, कारण २०१२ ते २०२० या काळात आउटस्टँडिंग शाळांना नेहमीच्या तपासणीतून सूटच होती. शाळा बघायला वेळ मागा, जाताना मुलीला घेऊन जा, आणि वर्गात इंग्रजी नवीन असलेली मुलं आहेत का, त्यांच्यासाठी काय करतात ते विचारा.

ग्रामर स्कूलचं, म्हणजे प्रवेशपरीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी शाळेचं, नाव घेऊन कुणी स्लाऊच घ्या म्हणेल. तुमच्या मुलीची त्यासाठीची परीक्षा, इलेव्हन-प्लस, २०३० च्या शरद ऋतूत येते. आज सहा वर्षांच्या पोरीचं घर त्यावर ठरवू नका. ग्रामर शाळा रेडब्रिजमध्येही (इलफर्ड याच कौन्सिलमध्ये येतं) आहेतच.

मराठी माणसं जवळ हवीत हे अगदी पटतं, विशेषतः पहिल्या हिवाळ्यात, डिसेंबरात चारच्या आत अंधार पडतो तेव्हा. पण त्यासाठी मंडळाच्या शेजारी राहायची गरज नाही. महाराष्ट्र मंडळ लंडन १९३२ पासून आहे, डॉलिस हिलला त्याची स्वतःची वास्तू आहे, ज्युबिली लाइनने जाता येतं. गणपतीला, दिवाळीला तुम्ही जाल. रोज ज्यांच्याशी बोलाल ते शाळेच्या फाटकापाशी उभे असलेले पालक. पोर आजारी पडलं तर दुसरं आणून सोडणारे तेच.

घराचं थोडक्यात. आधी महिन्याभरासाठी तात्पुरती जागा घ्या, तीही तुमच्या यादीतल्या भागातच. मात्र अशा सुट्टीपुरत्या घेतलेल्या जागेचा पत्ता शाळेच्या अर्जाला चालत नाही, भाडेकरार किंवा कौन्सिल टॅक्सचं बिल लागतं. डिपॉझिट कायद्याने पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही (वर्षाचं भाडं ५० हजार पौंडांच्या आत असेल तर). इथली क्रेडिट हिस्टरी नाही म्हणून सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागायची पद्धत होती. १ मे २०२६ पासून नव्या कायद्याने करार होण्यापूर्वी आगाऊ भाडं मागता किंवा घेता येत नाही, करारानंतरही राहायला जाण्याआधी फार तर एका महिन्याचं मागता येतं, आणि मुलं आहेत म्हणून घर नाकारताही येत नाही. त्याच कायद्याने खासगी भाड्याच्या घरांचे ठरावीक मुदतीचे करार गेले, आता दोन महिन्यांची नोटीस देऊन निघता येतं. पहिलं घर जन्माचं नाही, एवढ्या हिशेबाने घ्या. बघायला जाल तेव्हा कपाटामागचे कोपरे आणि खिडक्यांच्या कडा बघा, ओल आणि काळी बुरशी तिथेच सापडते.

सप्टेंबर उजाडला आणि चालत जाता येईल अशी जागा नाहीच मिळाली तर? जी मिळेल ती घ्या आणि हव्या त्या शाळेच्या वेटिंग लिस्टवर नाव टाका. आधी आलेल्याला आधी, असं त्या यादीत नसतं. क्रम प्रवेशाच्या निकषांवर लागतो, म्हणून जवळ राहायला गेलात की नाव वर चढतं. इन-इयर अर्जाचा निकाल शाळेच्या कामाच्या १५ दिवसांत कळवावा लागतो. मुलगी आठ वर्षांखालची आहे, तेव्हा मिळू शकणारी सर्वांत जवळची योग्य शाळा दोन मैलांपेक्षा लांब असेल तर ने-आणीचा खर्च कौन्सिलने करायचा असतो, तो मागून घ्या. आणि १५ जानेवारीआधी घर बदललंत तर मुलाच्या अर्जात नवा पत्ता लगेच घाला. फक्त शाळेसाठी दाखवायचा पत्ता मात्र देऊ नका. कौन्सिल तपासते आणि दिलेली जागा काढूनही घेते.

मुलीच्या इयर टूसाठी कौन्सिलांकडून उत्तरं आली की खाली लिहा, कुठल्या भागातल्या शाळा आल्या ते बघून घराच्या गल्ल्यांपर्यंत सांगता येईल.