‘शेवटी क्लासच घ्यायचे ना?’

वडील नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर. मुलगी नुकतीच बारावी झालेली, गणितात ९३, पण सीईटीचं पर्सेंटाइल ७०च्या आसपास. हवं ते इंजिनिअरिंग कॉलेज मिळत नव्हतं आणि मुलगी म्हणत होती, बीएस्सीला गणित घेते. दोघं सल्ला विचारायला आली, तेव्हा वडिलांनी बसता बसताच विचारलं, ‘‘मॅडम, गणित करून शेवटी क्लासच घ्यायचे ना?’’ (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

निकाल लागला की नाशिकमध्ये हा प्रश्न हमखास येतो. पण त्याआधी दुसरा विचारायला हवा: मुलीला हे गणित आवडेल का? बारावीचे ९३ त्याचं उत्तर देत नाहीत. बारावीला रीत ओळखायची आणि उत्तर काढायचं असतं. विद्यापीठात उत्तर बहुतेक वेळा प्रश्नातच दिलेलं असतं, ते खरं का आहे हे दाखवायचं असतं.

म्हणून तिला कोरा कागद दिला. चार आकडी संख्या घे, चारही आकडे सारखे नकोत. आकडे उतरत्या क्रमाने लाव, मग चढत्या क्रमाने, आणि वजाबाकी कर. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. तिने ४३७१ घेतली. ७४३१ वजा १३४७, म्हणजे ६०८४. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४. त्यानंतर ६१७४च येत राहते. कोणतीही संख्या घेतली तरी सातपेक्षा जास्त पायऱ्या लागत नाहीत. हा शोध आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचा. तिथे १९३० ते १९६२ या काळात शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांचा.

‘‘मास्तरच की तेही,’’ वडील म्हणाले. त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

मुलीचं मात्र आमच्याकडे लक्ष नव्हतं. ती म्हणाली, ‘‘सगळ्या उत्तरांना नऊने भाग जातोय. दोन्ही संख्यांत आकडे तेच असतात म्हणून का?’’ आणि मग स्वतःच तीन आकडी संख्या घेऊन ४९५वर पोचली. वाट पाहायची असते ती या ‘म्हणून का’ची. काही मुलं ६१७४ आलं की कागद परत देतात. ती हुशार नसतात असं नाही, पण त्यांना या पदवीची तीन वर्षं जड जातात.

दुसरी चाचणी कडक होती. १, १/२, १/३, १/४... ही यादी शून्याकडे जाते, हे सिद्ध कर. तिने लिहिलं, ‘‘खालचा आकडा वाढतो म्हणून अपूर्णांक लहान होतो.’’ हे खरं आहे, पण सिद्धता नाही. लहान होत जाणारी यादी शून्याऐवजी १/२ च्या जवळही जाऊन राहू शकते. सिद्धता अशी चालते: तुम्ही ०.००१ म्हणा, मी दाखवते की हजाराव्या पदानंतरची सगळी पदं त्याहून लहान आहेत. तुम्ही कितीही लहान संख्या म्हणा, मी पद सांगते. पहिल्या वर्षाच्या पोरांना घाम फोडणारं एप्सिलॉन म्हणजे तुम्ही म्हटलेली हीच लहान संख्या. तिला एवढंच सांगितलं की पहिल्या सत्रात हे डोक्यावरून जाईल आणि तो तिचा दोष नसेल.

मग वडिलांचा प्रश्न. नुसत्या बीएस्सी गणितावर थेट नोकऱ्या कमीच, हे लपवून उपयोग नाही. वाट ठरते ती सोबत घेतलेल्या विषयावर आणि पदवीनंतरच्या दोन वर्षांवर. म्हणून प्रवेश अर्जाआधी कॉलेजात जाऊन विचारा की गणितासोबत स्टॅटिस्टिक्स मिळतं का. एक मोठी चूक इथेच होते. यूपीएससीच्या भारतीय सांख्यिकी सेवेसाठी पदवीला स्टॅटिस्टिक्स हा एक विषय हवा, नाहीतर त्यात पदव्युत्तर पदवी हवी. गणितात पहिला वर्ग असूनही अर्ज भरताना हे कळलेली मुलं आम्ही पाहिली आहेत. डेटाच्या कामालाही हाच विषय लागतो, जोडीला पायथन आणि एसक्यूएल या संगणकाच्या भाषा. विम्याच्या गणितात, म्हणजे ॲक्च्युअरी व्हायचं असेल, तर एसीईटी ही प्रवेश परीक्षा बारावीनंतर लगेचही देता येते. पुढचे पेपर मात्र कित्येक वर्षं पुरतात. घरची निकड असेल तर फक्त याच मार्गावर विसंबू नये. संगणकाकडे वळायचं तर त्यासाठीची वेगळी सीईटी देऊन दोन वर्षांचं एमसीए.

आयआयटीत एमएस्सी करायची असेल तर जॅम. ही परीक्षा फेब्रुवारीत असते, अर्ज त्याआधी काही महिने भरावा लागतो, आणि शेवटच्या वर्षाला असतानाही ती देता येते. तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. पहिल्या ३० प्रश्नांना चुकल्यास त्या प्रश्नाच्या गुणांचा एकतृतीयांश भाग कापतात, बाकीच्यांना नाही. पाच वर्षांचे जुने पेपर घोकून सत्र परीक्षा निघते, जॅम निघत नाही. ज्याला खरंच खोल जायचंय त्याने उन्हाळ्यातल्या एमटीटीएस या गणिताच्या प्रशिक्षण शिबिराचा अर्ज भरावा. १९९३पासून चालणाऱ्या या शिबिरात उत्तर सांगण्याऐवजी तुमच्याकडूनच काढून घेतात.

आणि शिकवायचंच असेल तर? बीएड करून शाळा, एमएस्सीनंतर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा देऊन सीनियर कॉलेज. सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन संस्थेची जेआरएफ ही शिष्यवृत्ती मिळाली तर संशोधनाची पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये. ‘‘शिकायचे पैसे देतात?’’ वडिलांनी दोनदा विचारून खात्री केली.

तिने गणित आणि स्टॅटिस्टिक्स घेतलं. पहिल्या अंतर्गत परीक्षेत २०पैकी ७ पडले आणि तिचा फोन आला, ‘‘मला गणित येतच नाही.’’ वही मागवली. सिद्धता सुवाच्य उतरवलेल्या होत्या, व्याख्या मात्र ‘साधारण अशा’. इथेच बहुतेकांचं घसरतं. व्याख्येत ‘प्रत्येक’ आणि ‘एखादा’ यांची जागा बदलली की पुढचं सगळं कोसळतं.

उपाय तीन सांगितले. व्याख्या शब्दशः पाठ, आणि हो, गणितातही पाठांतर लागतं. रोज दोन सिद्धता पुस्तक मिटून लिहायच्या, अडल्यास अर्धा तास झगडल्याशिवाय उघडायचं नाही. आणि प्रत्येक प्रमेयातली एक अट काढून पाहायची. क्लोज्ड इंटरव्हलवरचं, म्हणजे दोन्ही टोकं धरून घेतलेल्या पट्ट्यावरचं, सलग फलन मर्यादित असतं, हवं तेवढं वर-खाली जात नाही. मग टोकं काढली तर? शून्य ते एकच्या ओपन इंटरव्हलवर एक भागिले एक्स घ्या, शून्याजवळ ते हवं तेवढं वर जातं. असं एक उदाहरण स्वतः सापडलं की ते प्रमेय विसरत नाही.

दुसऱ्या सत्रात १४ आले. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. लिनिअर अल्जेब्रा आवडतं, जॅमला गणित द्यायचं की मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स हे अजून ठरलेलं नाही, आणि ठरवायची घाईही नाही. परवा वडील एकटेच आले होते. प्रश्न एकच होता: ‘‘मुंबईच्या आयआयटीत एमएस्सीच्या मुलींना होस्टेल मिळतं का?’’