मागणी सॉफ्टवेअरची, गळती दुसरीकडेच

प्रश्न : काका, सप्रेम नमस्कार. पुण्यात एमबीए आणि दोन वर्षं नोकरी करून आता कुडाळला परत आलेय. उद्योगांना सल्ला द्यायचं काम सुरू केलंय. पहिलंच मोठं काम वेंगुर्ले तालुक्यातल्या एका काजू कारखान्याचं मिळालं. २२ बायका कामाला, मालक साठीचे, मुलगा माझ्या वयाचा. मुलगा म्हणतो, स्टॉकचं सॉफ्टवेअर बसवून द्या. मालक म्हणतात, घेतलेली बी आणि निघालेला गर यांचा मेळ बसत नाही, कोणीतरी हात मारतंय. (फोडणीवरची एक मावशी हसून म्हणाली, ‘गरम बी फोडूक दितत, मगे गर अख्खो ऱ्हवतलो कसो?’) पंधरा दिवसांत गरजांचा आढावा घेऊन प्रस्ताव द्यायचाय. ४० प्रश्नांची प्रश्नावली तयार आहे. सुरुवात कुणापासून करू?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : तू माझ्या मुलीच्या वयाची, म्हणून अगं-तुगं करतो. पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तू कंसात टाकलंयस. सुरुवात त्या मावशीपासून कर. प्रश्नावली घरी ठेव.

वाफवलेली बी पसरून रात्रभर तरी निवू द्यायची असते. घाई केली की कटरचं पातं गरावर बसतं आणि अख्ख्याची पाकळी होते. अख्खा गर डब्ल्यू ३२०, डब्ल्यू २४० अशा नंबरांनी विकला जातो. तो आकडा म्हणजे एका पौंडात जास्तीत जास्त किती गर बसतात ते, म्हणून आकडा जितका लहान तितका गर मोठा आणि भाव चढा. पाकळीला तो भाव नाही, कणीला तर नाहीच. म्हणजे वजन जागच्या जागी राहून पैसे गेले. हे कुठलं सॉफ्टवेअर थांबवणार? फार तर गेलेले पैसे सुबक अक्षरांत दाखवील.

पण मावशी म्हणाली म्हणून तेच खरं, असंही धरू नकोस. आठ दिवस वजनकाट्याजवळ बस. बॉयलरमध्ये किती बी गेली, ती किती वाजता बाहेर आली, किती वाजता फोडायला घेतली, संध्याकाळी अख्खा किती, पाकळी किती, तुकडा किती, सगळं स्वतःच्या वहीत लिही. मग विचार की गरम बी का देतात. पसरायला जागा अपुरी असेल, ऑर्डरची घाई असेल. फोडणीची मजुरी नुसती किलोवर असेल, तर गर अख्खा राहिला काय नि फुटला काय, फोडणारीच्या हातात तेवढेच पैसे. तिने जपून का फोडावं?

आता मालकांच्या चोराबद्दल. मार्च ते मे या महिन्यांतली खरेदीची वही माग. ताजी बी ओली असते आणि ओली बी काट्यावर जड भरते. १०० किलो घेतली आणि वाळवून ९० भरली, तर ती १० किलो उन्हाने नेली. वाळल्यावर पुन्हा वजन करतात का, एवढंच विचार. नसतील करत, तर वर्षभर २२ बायकांवर संशय घेऊन झालाय. बीच्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा गर निघतो, पण तो हिशेब वाळलेल्या बीवर मांडायचा. वाळलेल्या वजनावरही मेळ बसला नाही, तर मग चोरीचा विचार कर. आधी नको.

माझीही फजिती सांगतो. उमेदीच्या काळात एका बंदरावरच्या बर्फ कारखान्याचं काम घेतलं होतं. मालक म्हणाले, सकाळी बोटींना बर्फ पुरत नाही, क्षमता वाढवायचीय. मी गेलो जूनमध्ये. मासेमारी बंद, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, जेटीवर फक्त कुत्री. मी केबिनमध्ये बसून चहा पीत मुलाखती घेतल्या आणि मोठा कॉम्प्रेसर लिहून दिला. सप्टेंबरात पुन्हा गेलो तर नवा कॉम्प्रेसर सुरू, लाद्यांची चळत लागलेली आणि तरी बोटी रांगेत. बर्फ फोडायचं मशीन एकच होतं! पहाटे चारला सगळ्या बोटी एकदम येत आणि त्या एका मशीनपाशी खोळंबत. बर्फ तर आधीही पुरेसाच होता. मालक मला काही बोलले नाहीत. कर्जाचे हप्ते मात्र त्यांनीच फेडले.

तेव्हापासून काम चालू असताना पाहिल्याशिवाय मी कागदावर गरज लिहीत नाही. तू या वर्षीची खरेदी पाहिलेली नाहीस, म्हणून प्रस्तावात स्पष्ट लिही की खरेदीबद्दलचं मत पुढच्या मार्चमध्ये प्रत्यक्ष पाहून पक्कं करीन. लोकांशी बोलताना ‘तुम्हाला काय हवं?’ असं विचारू नकोस. त्याला सगळे यादी सांगतात, लग्नाच्या सामानासारखी. ‘शेवटचा माल परत कधी आला? त्या दिवशी काय झालं होतं?’ असं विचार.

आणखी एक. तुला बोलावलं मुलाने, पण चेकवर सही कुणाची? बापलेकांना वेगवेगळं भेट, हिशेबनिसाला तिसरीकडे. मुलाचं सॉफ्टवेअर खोडून काढू नकोस. वजनं नीट लिहायची सवय लागली की त्याचा उपयोग होईलच. आज ते चुकीचे आकडे जोरात मोजेल, इतकंच.

पंधरा दिवसांच्या या आढाव्याची फी वेगळी घे, थोडी का होईना. पुढच्या कामाच्या आशेवर फुकट आढावा केलास, तर गरज तुला तीच दिसेल ज्यात तुझं पुढचं काम आहे. हे मी अनुभवाने सांगतोय, कॉम्प्रेसरची गोष्ट आठव. शेवटी एकच पान दे: गळती कुठे, किती किलोची, आणि कशाची गरज नाही. ते पान मालकांना वाचून दाखव, आणि त्यांची परवानगी घेऊन फोडणीवरच्या बायकांनाही. चुकलं असेल तर त्या पहिल्या वाक्यालाच हसतील.

सोमवारी बॉयलर पेटायच्या आधी पोहोच. आणि फोडणीला बसून बघणार असशील, तर आधी हाताला खोबरेल चोळ. टरफलाचं तेल लागलं तर कातडी सोलवटते.