गाण्यातलं "कालजान" म्हणजे काय, आणि काळीज म्हणजे हृदय की लिव्हर?

प्रश्न असा आलाय की हळदीला वाजणाऱ्या आगरी-कोळी गाण्यांमधे "तुझी नजर कालजान घुसली" अशा टाइपच्या ओळी असतात, त्यातलं जान म्हणजे हिंदीतली जान का? आणि काळीज म्हणजे हृदय म्हणावं तर मटणवाल्याकडे कलेजी मागितल्यावर तो लिव्हर देतो, मग खरं कोण?

जानचा काही संबंध नाही. आगरी आणि कोळी बोलीत ळ चा ल होतो, कोळीचं कोली होतं, तसं काळीजचं कालीज. आणि आपण जिथे "त" लावतो, घरात, गावात, दर्यात, तिथे ते लोक "न" लावतात, घरान, गावान, दर्यान. म्हणजे कालजान हे सरळ "काळजात" आहे. वरळी, माहीम, वेसाव्याकडे किंवा खाडीपलीकडे उरण-पनवेलला कान देऊन ऐकलंत की हा न पावलोपावली सापडतो. पुण्याकडच्या मराठीची सवय असेल तर तो "ने" वाटतो, म्हणजे काळजाने घुसली, आणि मग ओळीचा पत्ताच लागत नाही.

आता लिव्हरचं. मटणवाला बरोबर आहे आणि गाणंही बरोबर आहे. संस्कृतात यकृताला कालेय असाही शब्द आहे, त्याच घराण्यातून हिंदीतला कलेजा आणि आपलं काळीज आलं असं मानतात. मराठीत हा शब्द पोटातून वर सरकून छातीत जाऊन बसला, धडधडायला लागला, ठोके चुकवायला लागला. कलेजीने मात्र दुकानात जुना अर्थ धरून ठेवला.

पण मुळात लिव्हरला भावनांच्या भानगडीत कोणी आणलं, तर जुन्या वैद्यकाने. चरकसंहितेत रक्त वाहून नेणाऱ्या स्रोतसांचं, म्हणजे वाहिन्यांचं, मूळ यकृत आणि प्लीहा सांगितलंय, तिकडे रोमन साम्राज्यात गॅलन नावाचा वैद्यही दुसऱ्या शतकात रक्त यकृतात तयार होतं असंच सांगत होता, आणि रक्त हृदयाच्या जोरावर अंगभर गोल फिरतं हे विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरने छापलं ते १६२८ मधे. तोपर्यंत कितीतरी भाषांची गाणी आणि म्हणी बनून गेल्या होत्या. फारसीतलं जिगर म्हणजे लिव्हरच, आपण जिगरी दोस्त म्हणतो तो यकृतातला मित्र आहे! उर्दूतले मोठे शायर जिगर मुरादाबादी (१८९०–१९६०) यांनी तर तेच टोपणनाव घेतलं. इंडोनेशियात आजही मनातलं दुःख, आनंद सांगताना "हाती" म्हणतात, त्याचाही मूळ अर्थ यकृत. त्यामुळे गाणं लिहिणाऱ्याला शरीरशास्त्र कळत नाही असं कोणी म्हणालं तर मला ते अजिबात पटत नाही, तो खूप जुन्या वाटेवरून चाललाय.

मला खरं महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. प्रेमाच्या गाण्यात मन, जीव, हृदय, काळीज हे चारही शब्द येतात आणि आपण सगळ्यांचा अर्थ "दिल" असा लावून मोकळे होतो, पण क्रियापदं बघा ना. मन जडतं, रमतं, उडतं, विटतं, मन स्वतः फिरत असतं. जीव लावता येतो, टाकता येतो, ओवाळता येतो, तो देण्याची गोष्ट आहे. हृदय पुस्तकी आहे, पाया पडताना किंवा भाषणात बरं वाटतं, बेंजोच्या ठेक्यावर ते जड होतं. आणि काळीज? त्याला काहीतरी होतं. ते चिरतं, फाटतं, तुटतं, त्यात काही घुसतं, रुततं. काळीज मार खाणारी जागा आहे. म्हणून "नजर काळजात घुसली" म्हणणारा माणूस मी तुझ्यावर प्रेम करतो असं म्हणतच नाहीये, तो म्हणतोय की मला लागलंय, मी काही केलं नाही, जे केलं ते तुझ्या नजरेने. उर्दू गझलेतला नजरेचा बाण जिगरमधे रुतून बसतो तीच ही रचना, फक्त इथे ती बोलीत आणि नाचायला.

या घुसण्यात प्रेमच असायला हवं असंही नाही. 'कट्यार काळजात घुसली' हे १९६७ चं संगीत नाटक, त्यावरचा सिनेमा २०१५ मधे आला, नाव ऐकून बऱ्याच जणांना लव्हस्टोरी वाटते, पण गाभ्यात आहे ती दोन घराण्यांच्या गायकीतली चुरस.

म्हणूनच काळजाचे वाक्प्रचार प्रेमगीतात घालताना जरा जपून. काळजात धस्स होतं ते भीतीने. काळजाचं पाणी पाणी होतं ते भीतीने नाहीतर दुःखाने, तिला बघून विरघळलो या अर्थाने कोणी वापरलं तर ते चुकीचं, यमक कितीही छान जुळू दे. कालवाकालव मात्र चालते, कारण तिच्यात माया आणि घालमेल दोन्ही आहेत.

आणि "काळजाचा तुकडा", जो हल्ली प्रेयसीला सर्रास म्हणतात. हे मुळात आईबापाचं बोलणं आहे, लेक सासरी निघाली की बाप म्हणतो ते. उर्दूतलं लख्ते-जिगरही पोटच्या पोरालाच म्हणतात. आपल्यातून कापून निघालेला भाग हा त्याचा अर्थ, आणि प्रेयसी तर बाहेरून आत आलेली असते. गाण्यात आता रुळलंय, कोणी अडवणार नाही, पण मला विचाराल तर हळदीच्या रात्री हा शब्द नवऱ्याच्या नाही, नवरीच्या बापाच्या तोंडी शोभतो.